हातमोजेवाला

१

न्यू जर्सीतल्या पार्सिपनीच्या त्या घरात शनिवारची दुपार ठरलेली होती. जेवणं झाली की अवधूत भांडी डिशवॉशरमध्ये लावायचा, उत्तरा ती सगळी बाहेर काढून पुन्हा नीट लावायची, आणि मग दोघं हॉलमध्ये येऊन 'हातमोजेवाला' बघायची.

सिनेमाचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. ते या घरात कुणी घेत नसे. हॉलिवूडचे सिनेमे नुकते कुठे बोलायला लागले होते, त्या काळातली ही काळीपांढरी, हलकीफुलकी प्रेमाची गोष्ट. डॉली नावाची मुलगी एका मोठ्या दुकानात हातमोजे विकते. वॉल्टर नावाचा लांब मानेचा एक कारकून रोज येतो आणि फक्त डाव्या हाताचा मोजा मागतो. जोडीच घ्यावी लागेल म्हटलं की जोडी घेतो, आणि दुसऱ्या दिवशी उजवा मोजा परत करायला येतो. तेवढाच तिला भेटायचा बहाणा.

सत्तरच्या दशकात ही दोघं नवी नवी अमेरिकेत आली, तेव्हा एका जानेवारीत न्यूअर्कच्या अपार्टमेंटमधलं हीटिंग बंद पडलं. ऊब मिळावी म्हणून दोघं एका जुन्या थिएटरात शिरली, आणि तिथे हा सिनेमा चालू होता. त्यातलं भराभरा बोललं जाणारं इंग्रजी उत्तराला कळेना. अवधूत तिच्या कानात मराठीत सांगत राहिला, मागचे लोक 'श्श' करत राहिले आणि हिला हसू आवरेना. तोवर ती नवऱ्याला 'अहो' म्हणत असे. थिएटरातून बाहेर पडताना तिच्या तोंडून पहिल्यांदा 'अरे, मफलर विसरलास' असं निघालं, आणि मग ते 'अरे'च राहिलं.

पुढे ती पॅथॉलॉजिस्ट झाली आणि त्याने फोनच्या कंपनीत इंजिनिअर म्हणून जन्म काढला. आता दोघं रिटायर झालेली. मुलगी अंतरा व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नला. तिनेच या सिनेमाची डिस्क शोधून आणून दिली होती. मोजा, कानातलं, बटण, घरात जोडीतलं काहीही एक हरवलं की अवधूत सिनेमातलं ते वाक्य म्हणायचा.

ते वाक्य बाकाच्या प्रसंगातलं होतं. ख्रिसमसची संध्याकाळ. दुकान बंद झालंय. दुकानाच्या बाजूच्या दारासमोर, बर्फात, वॉल्टर एका बाकावर बसलाय. हातात एकच मोजा. तो घड्याळ बघतो, पाय आपटतो, दार उघडतं आणि डॉली बाहेर येते.

"अजून एकच?" ती विचारते.

"दुसऱ्याची वाट बघतोय," वॉल्टर म्हणतो.

२

त्या शनिवारी वॉल्टर जरा जास्त वेळ बसला.

फार नाही. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण उत्तराला तो प्रसंग श्वासासारखा पाठ होता. घड्याळ, पाय, दार. त्या दिवशी घड्याळ झालं, पाय झाले, आणि दार उघडलं नाही. वॉल्टरने पुन्हा एकदा घड्याळ बघितलं. मग दार उघडलं.

काचपट्टीवर नको तिथे नको ती पेशी दिसली की जशी पूर्वी तिची मान पुढे जायची, तशी ती आपोआप पुढे गेली.

"डिस्क अडकली का रे?"

"हं?" अवधूतने मान वळवली नाही. "जुनी झाली ती. आपल्यासारखीच."

नंतर तो बागेतली गळलेली पानं बघायला गेला तेव्हा तिने डिस्क काढून मऊ फडक्याने पुसली, उजेडात धरून ओरखडा शोधला. नव्हता. तिने एकटीने उभ्याउभ्याच तो प्रसंग लावला. घड्याळ, पाय, दार. सगळं जिथल्या तिथे. आपलंच लक्ष गेलं असेल कुठेतरी, तिने स्वतःला सांगितलं. या वयात डुलकी लागते आणि लागली होती हे कळतही नाही.

पुढच्या शनिवारी ती मुद्दाम कॉफी पिऊन बसली.

वॉल्टर बसला. घड्याळ, पाय. पुन्हा घड्याळ, पुन्हा पाय. मग त्याने हात मांडीवर ठेवले आणि स्वस्थ बसला, जसं स्टेशनवर गाडी उशिरा आहे असं कळलेलं माणूस बसतं. पार्श्वसंगीत संपलं होतं. नुसती खरखर, लांबवर ट्रामची घंटा, आणि बर्फ. सिनेमातला तो खोटा बर्फ त्याच्या टोपीवर साठत गेला. टोपीवर इतका बर्फ तिने कधीच बघितला नव्हता.

आणि अवधूत हसला. मोठ्याने, अगदी टाळी देऊन हसला.

"यात हसण्यासारखं काय आहे?"

"अगं, तोंड बघ ना त्याचं!"

दार उघडलं, डॉली आली, सिनेमा पुढे सुरू झाला. उत्तराने पुढचं काहीच बघितलं नाही. डॉलीच्या 'अजून एकच?'नंतर वॉल्टर उठला, तेव्हा त्याच्या टोपीवर बर्फाचा कणही नव्हता, एवढंच तिला दिसलं.

३

त्याच आठवड्यात अवधूतने खुर्ची हलवली.

इतकी वर्षं दोघं सोफ्यावर शेजारी शेजारी बसत आली होती. आता त्याने खिडकीजवळची मोठी आरामखुर्ची ओढत ओढत पुढे आणली आणि टीव्हीच्या समोर, पण जरा तिरकी, सोफ्याच्या पुढ्यात लावली. हृदयाला स्टेंट बसवलेल्या माणसाने असली ओढाओढ करायची नसते. उत्तरा स्वयंपाकघरातून धावत आली.

"अरे काय चाललंय? मला हाक नाही मारायची?"

"सोफ्यावरून नीट ऐकू येत नाही यार."

"कानात मशीन आहे, खाली सबटायटल्स आहेत, आणि डायलॉग तुला झोपेतसुद्धा पाठ आहेत."

"मग समज, पाय लांब करायचेत मला."

पायांचं म्हटल्यावर तिने वाद सोडला. हल्ली त्याचे घोटे सुजत होते. रोज संध्याकाळी ती अंगठ्याने दाबून बघायची आणि खळगा भरून यायला किती वेळ लागतो ते मनात मोजायची. डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली होती. बघू या, म्हणाले होते. डॉक्टर 'बघू या' कधी म्हणतात हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिने स्वतःही ते पुष्कळदा म्हटलं होतं.

खुर्चीमुळे त्याचं डोकं नेमकं तिच्या डोळ्यांसमोर येऊ लागलं. तिला पडदा बघायला सोफ्याच्या टोकाला कलून बसावं लागे. आणि तशी कलून बसलेली असतानाच तिने ते पाहिलं. बाकावरच्या वॉल्टरने घड्याळावरची नजर वर उचलली आणि समोर बघितलं.

कॅमेऱ्याकडे नव्हे. कॅमेऱ्यात बघणारा नट सगळ्यांकडेच बघतो. हा एका जागी बघत होता. त्याचा चेहरा दुष्ट नव्हता, तसा असता तर परवडलं असतं. अनोळखी गावात ओळखीचं कुणी दिसलं की होतो तसा तो उजळला होता. आणि ती नजर जिथे येऊन टेकली होती, तिथे आरामखुर्ची होती. खुर्चीत सुजलेले पाय लांब करून, खो खो हसत, अवधूत बसला होता.

४

नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला अंतरा आली. उत्तराने तिला भाजी चिरता चिरता सांगितलं, तेही सगळं नाही. फक्त एक सीन लांबतोय, इतकंच.

अंतरा दिवसभर डेटा सेंटरची मशीन्स सांभाळणारी. ती हसली. "आई, डिस्क आहे ती. रीड-ओन्ली. तिच्यावर काही बदलूच शकत नाही."

"म्हणूनच तुला सांगतेय ना."

"ओके, लावू या मग. लेट्स वॉच इट."

तिघं बसली. अवधूतने लेकीला आग्रहाने आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः सोफ्यावर आला. घड्याळ, पाय, दार. डॉली बाहेर आली. 'अजून एकच?'

"सी?" अंतरा म्हणाली. "इट्स फाइन. किती क्यूट आहे ना हा सीन!"

अवधूतने सुस्कारा सोडला. उत्तराला वाटलं, आपणच सोडला.

जाताना अंतराने आईला गॅरेजमध्ये गाठलं. आवाज खाली आणला. "आई, रागावू नकोस हं. तू तुझी मेमरी टेस्ट करून घेशील? जस्ट बेसलाइन. तूच लोकांना सांगायचीस ना, लवकर कळलेलं बरं म्हणून."

उत्तराने मान डोलावली. रागवावं असं त्यात काहीच नव्हतं. अंतराच्या जागी ती असती तर तिनेही हेच सांगितलं असतं. पुढच्या आठवड्यात ती जाऊन टेस्ट देऊन आली. घड्याळाचं चित्र काढलं, शब्द उलटे म्हणून दाखवले, आणि तिथल्या तरुण मुलीने तिला 'परफेक्ट' म्हणून शाबासकी दिली. आयुष्यात एवढ्या चांगल्या रिपोर्टची तिला इतकी भीती कधी वाटली नव्हती.

कारण आता फक्त एवढंच उरलं होतं, की ती एकटी बघते तेव्हा सीन नीट, अंतरा असते तेव्हा नीट. तो लांबतो फक्त घरात ही दोघंच असतात तेव्हा.

५

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी बाहेर खरा बर्फ पडत होता. त्यामुळे खिडकीतून येणारा उजेड आणि पडद्यावरचा उजेड एकाच रंगाचा झाला होता.

वॉल्टर किती वेळ बसला ते उत्तराला सांगता आलं नसतं. घर तापवणारी फर्नेस एकदा सुरू होऊन बंद झाली. तो समोर बघत होता, तसाच आनंदाने, ओळख पटल्यासारखा. मग त्याने टोपी सारखी केली, दोन्ही हात बाकावर टेकवले आणि थोडा बाजूला सरकला.

शेजारी एका माणसापुरती जागा झाली. तिथला बर्फ त्याने हातातल्या मोज्याने झटकला.

अवधूतचं हसणं त्या दिवशी फार वेळ चाललं. शेवटी शेवटी त्याला धाप लागली.

"पुरे कर," उत्तरा ओरडली. "अवधूत, पुरे!"

दार उघडलं. डॉली आली.

त्याच दुपारी तो झोपल्यावर उत्तराने डिस्क काढली आणि कोठीतल्या बासमतीच्या पोत्यात खोल खुपसली. आपण डॉक्टर आहोत, आयुष्यभर पुराव्याशिवाय एक अक्षर लिहिलं नाही, आणि आज एका सिनेमाला तांदळात पुरतोय, हे तिला कळत होतं. तरी तिने पोत्याचं तोंड गाठ मारून बांधलं. वॉल्टर त्याला न्यायला आलाय, हे वाक्य तिने मनातसुद्धा पूर्ण होऊ दिलं नाही.

पुढच्या शनिवारी ती उत्तरं तयार ठेवून बसली होती. डिस्क अंतराकडे गेली, प्लेअर बिघडला, असं काहीबाही. जेवणं झाली. अवधूतने भांडी लावली. ती काढून तिने पुन्हा लावली. तो हॉलमध्ये आला, खुर्चीत टेकला, आणि सिनेमाचं नावही काढलं नाही.

बराच वेळ तो बंद टीव्हीकडे बघत बसला. त्याचा चेहरा असा सैल झाला होता, की उत्तराला एकदम त्याचा पंचविशीतला चेहरा आठवला.

"अवधूत," ती म्हणाली, "तू विचारलं नाहीस."

"काय?"

"सिनेमा."

त्याने तिच्याकडे बघितलं. मग खाली स्वतःच्या पायांकडे. "तू लपवलीस ना डिस्क? बरं केलंस."

फर्नेस चालू नव्हती. स्वयंपाकघरात फ्रिज गुणगुणत होता.

"तुला दिसतं?" तिने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"मग हसतोस काय वेड्यासारखा?"

"दुसरं काय करू? हसण्याचा सीन आहे म्हटल्यावर तू घाबरणार नाहीस असं वाटलं. आणि त्यालाही कळावं, की हा सगळा विनोद चाललाय. विनोदात कुणाला काही होत नाही गं. खुर्ची मी काय उगाच पुढे ओढली?"

"पाय लांब करायला."

"उत्तरा, तो तुझ्याकडे बघतो."

ती उठून उभी राहिली. "काहीतरीच. तो तुझ्याकडे बघतो. मी सोफ्यावरून स्पष्ट बघितलंय."

"मी मधे बसतो म्हणून तुला तसं वाटतं. मी मागे वळून नजरेची रेघ धरून बघितलीय. माझ्या खांद्यावरून जाते ती. तू सोफ्यावर कललीस की तीही कलते. मी जेवढं आडवं येता येईल तेवढं येतो, पण आता माझ्या खांद्यांत काय उरलंय?"

"आणि अंतराला बसवलंस ते त्या खुर्चीत?"

"ती असताना काही होणार नाही असं वाटलं. नाही झालं. पण तिला कायमची थोडीच बसवून ठेवता येणार आहे?"

उत्तराला रडू आलं आणि त्याचा रागही आला. इतके आठवडे ती त्याचे घोटे दाबत होती, आणि हा इतके आठवडे तिच्यासमोर भिंत होऊन बसला होता. दोघांनी एकमेकांना चकार शब्द सांगितला नव्हता.

"माझ्यासाठीच आलाय तो," ती हट्टाने म्हणाली.

"अगं, आत्ता तर तू म्हणत होतीस..."

"गप्प बस."

तेवढ्यात ट्रामची घंटा वाजली.

दोघांनीही ऐकली. लांबून, बर्फातून आल्यासारखी. पार्सिपनीत ट्राम नाही. अवधूतने टीव्हीकडे बघितलं. टीव्ही बंद होता. त्याचा तो लाल दिवासुद्धा लागलेला नव्हता. उत्तराने खिडकी गाठली. शेजारच्यांच्या अंगणात काही वाजलं असेल, बर्फ काढायचं यंत्र असेल, व्हेंटमधून आलं असेल. रस्ता रिकामा होता. मागे हॉलमध्ये, काळ्या काचेच्या आतून, जुन्या फितीची खरखर येत होती. त्या खरखरीत कुणीतरी थंडीने पाय आपटले.

६

डिस्क तांदळातून काढली ती उत्तराने. तिच्यावरचं पांढरं पीठ तिने पदराने पुसावं तसं स्वेटरच्या टोकाने पुसलं.

"नक्की?" अवधूतने विचारलं.

"न बघता निदान करत नाहीत."

तिने आरामखुर्ची मागे ढकलली. तोही हात लावायला आला, तिने नको म्हटलं, त्याने ऐकलं नाही. दोघांनी मिळून ती भिंतीला लावली. मग दोघं सोफ्यावर बसली, पूर्वी बसायची तशी, खांद्याला खांदा. तिने त्याचा हात घेतला. तो गार होता, पण तिचाही गारच होता, त्यामुळे कुणाचा जास्त ते कळेना.

सिनेमा त्यांनी पहिल्यापासून लावला. मधूनच उचलून बघणं बरं वाटलं नसतं. डॉली काउंटरमागे उभी राहिली, वॉल्टरने डावा मोजा मागितला, मॅनेजर पायऱ्यांवरून घसरून पडला. अवधूत तिच्या कानात हळूच मराठीत सांगायला लागला. आता तिला सगळं इंग्रजी कळत होतं, तरी सांगत राहिला. ती दोन ठिकाणी खरंच हसली.

मग ख्रिसमसची संध्याकाळ आली. बाक आलं.

वॉल्टरने घड्याळ बघितलं, पाय आपटले, आणि मान वर केली. त्याने त्या दोघांकडे बघितलं. आधी तिच्याकडे, मग त्याच्याकडे. मधे कुणीच आडवं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर थोडा गोंधळ आला. दोघांच्या टेबलावर एकच ताट घेऊन आलेल्या वेटरचा होतो तसा. मग तो ओशाळून हसला.

तो उठला. बाकावरचा सगळा बर्फ त्याने झटकला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अगदी निगुतीने. टोपी काढून छातीशी धरली आणि बाजूला होऊन उभा राहिला.

बाक रिकामं होतं. दोन माणसं आरामात बसतील एवढं.

अवधूतच्या बोटांनी तिची बोटं आवळली. त्याच्या घशातून एक आवाज आला. ते हसणंच होतं, पण गेल्या काही आठवड्यांतलं नव्हे, त्याचं स्वतःचं, जुनं. "काय गं," तो कुजबुजला, "माणूस सभ्य आहे."

उत्तराला घसा साफ करावा लागला. लोकांनी घरी जेवायला बोलावलं आणि आज जमणार नाही असं सांगायचं असलं, की ती ज्या आवाजात बोलायची, त्याच आवाजात ती पडद्याशी बोलली. मराठीतच बोलली. इंग्रजी तिला सुचलंच नाही.

"आत्ता नाही हं. आमचा चहा व्हायचाय अजून."

वॉल्टर ऐकत होता. त्याने मान किंचित कलती केली, जसं परकी भाषा ऐकणारं माणूस करतं. मग हळूच होकारार्थी हलवली, आणि टोपी डोक्यावर ठेवली. बाकावर मात्र तो बसला नाही.

बाजूचं दार उघडलं. डॉली बाहेर आली. रिकाम्या बाकाकडे बघून ती क्षणभर अडखळली, वाक्य विसरल्यासारखी. मग तिने ते म्हटलं, आणि सिनेमा पुढे सरकला.

७

उरलेला सिनेमा त्यांनी बघितला नाही. टीव्ही बंदही केला नाही. दोघं स्वयंपाकघरात आली.

उत्तराने पाणी ठेवलं. अवधूतने आलं किसलं, नेहमीसारखं जास्तच. ती नेहमीसारखं त्यावरून बोलली. साखरेचा डबा त्याने हळूच आपल्याकडे ओढला, तो तिने काढून घेतला, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, स्वतःच त्याच्या कपात दोन चमचे घातले. खिडकीबाहेर दुपार अजून लख्ख होती. समोरच्या घरातली पोरं बर्फात लोळत होती.

"अंतराला सांगायचं?" तिने विचारलं.

"काय सांगणार?"

"तेही खरंच."

"रविवारी फोन करू. असाच. गप्पा मारायला."

हॉलमधून डॉलीचं हसणं ऐकू आलं, मग लग्नाचा बँड, मग शेवटचं संगीत. ते संपलं. आता डिस्क थांबायला हवी होती. थांबली नाही. खरखर तशीच चालू राहिली, आणि तिच्यात मधूनच, कुणालाही घाई करायची नाही अशा बेताने, एक माणूस थंडीत घसा साफ करत होता.

अवधूतने कप उचलला. "छान झालाय," तो म्हणाला.

"गरम आहे, सावकाश पी."

तो सावकाश प्यायला. ती त्याच्याहून सावकाश प्याली. त्याच्या मिशीला साय लागली होती, ती तिने अंगठ्याने पुसली. कप रिकामे झाले तेव्हा दोघांपैकी कुणीच उठलं नाही.

"अजून अर्धा अर्धा?" अवधूतने विचारलं.

उत्तरा उठली आणि तिने पुन्हा आधण ठेवलं.